मगावर छापलेला मी

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. जुना म्हणजे साडेतीन वर्षांचा. तुमच्यात या वयाला बालवाडीत घालतात. आमच्या धंद्यात एवढं टिकलेल्याला आजोबा म्हणतात. माझं नाव विमा निधी. मला हात नाहीत, पाय नाहीत, पोट तर मुळीच नाही, तरी मी भरतो आणि रिकामा होतो. हे कसं, ते मला विचारू नका. मी स्वतःच अजून शोधात आहे.

माझा जन्म एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, दातांच्या दवाखान्याच्या बरोबर वर झाला. तिथे एक बाजार आहे. बाजार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे टोपल्या आल्या असतील, तर त्या खाली ठेवा. इथे चार टेबलं, सहा संगणक, एक कॉफीचं यंत्र आणि भिंतीवर एक मोठा पडदा एवढंच आहे. सौदे होतात ते नाण्यांचे. पण ही नाणी खिशात वाजत नाहीत, ती संगणकातच असतात. त्यातही बहुतेक जण नाणी घेत नाहीत की देत नाहीत. पुढे भाव चढेल की पडेल, यावर सौदे करतात. त्यांना वायदे म्हणतात. म्हणजे हाताला न लागणाऱ्या वस्तूच्या अजून न आलेल्या भावावर माणसं घामाचे पैसे लावतात. हे समजून घेण्यात माझे पहिले सहा महिने गेले. मग मी नाद सोडला.

या बाजाराचे मालक म्हणजे साहेब. वय सव्वीस. सगळे त्यांना 'मोठे साहेब' म्हणत, छोटे कोणीच नव्हते तरी. आणि दुसरी ताई. ती जोखीम बघायची, म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं याचा दिवसभर विचार करायची आणि त्याबद्दल पगार घ्यायची. दुपारनंतर ग्राहकांच्या ईमेलना उत्तरंही तीच द्यायची, कारण दुसरं कोणी नव्हतं.

माझं काम काय, हे ताईनं पहिल्या दिवशी साहेबांना दोन खुर्च्या समोरासमोर मांडून समजावलं. एका खुर्चीवरचा म्हणतो भाव चढेल, दुसरीवरचा म्हणतो पडेल. दोघंही थोडी अनामत ठेवतात आणि त्या अनामतीच्या कितीतरी पट मोठा सौदा करतात. भाव एकाच्या विरुद्ध जायला लागला, की त्याची अनामत झिजते. ती पुरती संपायच्या आधी कंपनी स्वतःच त्याचा सौदा बंद करून टाकते. बंद करताना काही उरलं, तर ते माझ्यात जमा. पण कधी भाव असा कोसळतो की सौदा बंद करेपर्यंत अनामत संपून वर खड्डा पडलेला असतो. तो खड्डा मी भरायचा, म्हणजे समोरच्या खुर्चीवरच्या, जिंकलेल्या माणसाला त्याचे पैसे पुरे मिळतात. आणि मीच संपलो, तर जिंकलेल्याचा सौदा मध्येच कापायचा. समोरच्याची अनामत जिथे संपली, त्याच भावाला. पुढचं त्याचं तो बघेल.

साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग यातली कुठली खुर्ची आपली?"

"आपण टेबल," ताई म्हणाली.

मित्रांनो, तेव्हापासून माझा गोंधळ आहे. मी भरतो तो हरलेल्यांच्या उरल्यासुरल्या चिल्लरीतून. मी खर्च होतो तो जिंकलेल्यांवर. आणि नाव काय, तर विमा. हे म्हणजे घसरून पडलेल्यांच्या चपला गोळा करायच्या आणि नीट चालणाऱ्यांना वाटायच्या. पण मी आकडा आहे. आकड्याला कोण विचारतो?

माझ्या वाढीच्या काळात माझे फार लाड झाले. मी दहा हजारांनी वाढलो, की कॉफीच्या यंत्राशेजारची घंटा वाजायची आणि सगळे उठून टाळ्या वाजवायचे. मला सुरुवातीला फार आनंद व्हायचा. मग एकदा लक्षात आलं की ताई टाळ्या वाजवत नाही. ती पडद्याकडे बघून बारीक आवाजात म्हणायची, "आज एकशे चाळीस गेले." कुठे गेले? मला वाटायचं, जेवायला.

पुढे साहेबांना एक कल्पना सुचली. त्यांनी कंपनीचं स्वतःचं एक नाणं काढलं आणि माझ्यातली निम्मी पक्की नाणी, म्हणजे ज्यांचा भाव हलत नाही ती, काढून त्यांच्या जागी हे नवं नाणं भरलं. ताईनं बजावलं, "साहेब, ही साखरेची छत्री झाली. ऊन आहे तोवर छान दिसेल."

साहेबांना छत्री हा शब्द इतका आवडला की त्यांनी ती कंपनीचं चिन्ह करून टाकली.

आता मी तुम्हाला गावाच्या दुसऱ्या टोकाला नेतो. मी तिथे कसा, असं तुम्ही विचाराल. आमचं अ‍ॅप ज्याच्या मोबाइलवर उघडं असतं, तिथे खालच्या कोपऱ्यात मी बारीक अक्षरांत दिसतो. आणि मी दिसतो, म्हणजे मलाही दिसतं. असं माझं मत आहे, पुरावा नाही.

तिथे एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. भिंतीला खिळ्यांवर टांगलेली मुंडकी, दोरीवर वाळत घातलेले हात, बरणीत डोळे. घाबरू नका, ती बाहुल्यांची कार्यशाळा होती. बाहुल्या बनवणारी एक भाची आणि तिला मदत करणारे तिचे मामा. मामांनी तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली होती. निवृत्त झाल्यावर ते भाचीच्या बाहुल्यांच्या मानेत स्प्रिंगा बसवत. त्यामुळे तिच्या बाहुल्या मान वळवताना मधल्या मजल्यावर थोडं थांबत.

भाचीनं एका चित्रपटवाल्यांसाठी बावीस बाहुल्या केल्या होत्या. वर्षभराचं काम. पैसे मिळाले ते कासव नावाच्या नाण्यात, आणि तेही कुलूपबंद. नव्वद दिवस विकता येणार नव्हते. इकडे खोलीचा मालक सांगून गेला होता की नव्वद दिवसांनी पुढच्या तीन वर्षांचं भाडं एकदम दे, नाहीतर खोली व्यायामशाळेला जाईल. आजच्या भावानं तिच्या कासवांत ते भाडं बरोबर बसत होतं. भाव पडला असता, तर भिंतीवरच्या मुंडक्यांच्या जागी वजनं टांगली गेली असती.

म्हणून तिनं एकच शहाणपणाची गोष्ट केली. तिनं आमच्या बाजारात कासव पडेल या बाजूचा सौदा केला. जितकी कासवं कुलुपात होती, तितक्यांचाच. कासव पडलं तर सौद्यात फायदा, चढलं तर कुलुपातल्या नाण्यांत फायदा. एका हातानं गेलं ते दुसऱ्या हातात आलं. मोठ्या पटीचा मोह नाही. शिलकीतले पैसे अनामत म्हणून ठेवले, मोबाइल खणात टाकला आणि ती कामाला लागली.

मामांनी बरोबर उलटी बाजू घेतली. कासव चढेल, पन्नास पट. त्यांना नवी स्कूटर घ्यायची होती आणि त्यासाठी ठेवलेले सगळे पैसे त्यांनी अनामतीला लावले. भाची म्हणाली, मामा, पन्नास पट म्हणजे भाव दोन टक्के खाली आला तरी खेळ खलास. मामांनी मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि माझ्यावर बोट ठेवलं.

"हे वाच. विमा निधी, पन्नास लाख. अगं, लिफ्टची दोरी तुटली तरी ब्रेक लागतो. तीस वर्षं मी तेच बघितलंय. हा ब्रेक आहे."

"मामा, हा कोणाला लागतो ते विचारलंस का?"

"ब्रेक कोणाला लागतो असं विचारतात का कधी? लिफ्टला लागतो."

मला मनातून फार बरं वाटलं. मी ब्रेक आहे हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

पन्नास लाखांचं म्हणाल, तर त्याच आठवड्यात मी तिथे पोचलो होतो. साहेबांचा आनंद पोटात मावेना. त्यांनी चोवीस मग छापून घेतले. एका बाजूला छत्री, दुसऱ्या बाजूला मी: ५०,००,०००. माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे पहिलं शरीर, आणि त्याला कान होता एकच. ताईनं फक्त एवढंच विचारलं की आकडा बदलला तर काय करायचं? साहेब म्हणाले, वाढला तर नवे मग छापू. कमी झाला तर काय, हा प्रश्न त्यांना सुचला नाही आणि ताईनं विचारून ठेवलेला त्यांना ऐकू आला नाही.

मग तो दिवस उजाडला. दुपारी बाराला मोठे पाहुणे यायचे होते. ते कंपनीत पैसे घालणार होते. अकरा वाजता साहेबांनी मगांचं खोकं उघडलं, आणि सफाईच्या मावशी रजेवर असल्यामुळे ताईला विचारलं, मग जरा विसळता का?

"मी जोखीम बघते, साहेब. भांडी नाही," ताई म्हणाली आणि पडद्याकडे वळली.

साडेअकराला कासव पडलं. नाव कासव, पण चाल गच्चीवरून टाकलेल्या दगडाची. शंभरावर होतं ते ब्याण्णववर आलं, आणि ब्याण्णववरून एकदम एकाहत्तर. मधल्या पायऱ्याच नव्हत्या; मध्ये विकत घ्यायला कोणी उभंच नव्हतं. कासव चढेल म्हणणाऱ्या साडेतीनशे जणांची अनामत एका दमात संपली आणि प्रत्येकाच्या खाली खड्डा पडला. मी भरायला लागलो. पडद्यावर मी घसरत होतो: अठ्ठेचाळीस लाख, चव्वेचाळीस लाख. घंटा कोणी वाजवली नाही. मला वाटलं, घंटा फक्त चढताना वाजवतात, हा पक्षपात आहे.

त्यात लोक घाबरले आणि साहेबांचं नाणंही विकायला लागले. म्हणजे माझा अर्धा भाग खर्च न होताच विरघळायला लागला. छत्रीला पाणी लागलं होतं.

साहेबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मगांकडे. मग त्यांना तोडगा सुचला. आमच्याकडे एक कळ आहे: निधी वापरणं थांबवा. ती दाबली, की मी जिथे आहे तिथेच राहतो आणि त्याऐवजी जिंकलेल्यांचे सौदे कापले जातात. पण त्यासाठी बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर दोघांची बोटं लागतात, साहेबांचं आणि ताईचं. हा नियम साहेबांनीच केला होता, कारण त्यांना ते यंत्र फार आवडलं होतं.

कासव पडेल म्हणणारे त्या दिवशी अकराच जण होते. त्यांतली एक बाहुल्यांवाली. कळ दाबली असती, तर तिचा सौदा शंभराच्या जवळपासच कापला गेला असता, आणि पुढची सगळी घसरण तिच्या कुलूपबंद कासवांवर आली असती. ती पुन्हा सौदा करू शकली नसती, कारण तिला पत्ताच नव्हता. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरच्या बादलीत होते आणि मोबाइल खणात. शेजारी मामा मात्र आपल्या मोबाइलकडे बघत पुटपुटत होते, "लाग, लाग, लाग." ते मला बोलत होते. मी लागतच होतो, मित्रांनो, पण कोणाला, ते मला कळत नव्हतं.

साहेबांनी आपलं बोट यंत्रावर ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं बोट. लवकर. चाळीस लाखांवर थांबवू. पाहुण्यांना सांगता येईल की अंदाजे पन्नास."

"ते अकरा जण कापले जातील."

"अकराच तर आहेत."

ताई उठली. साहेबांना वाटलं, ती यंत्राकडे येते आहे. ती मगांच्या खोक्याकडे गेली. खोकं उचलून मोरीपाशी ठेवलं, बाह्या वर केल्या, नळ सोडला आणि हातांवर भरपूर साबण घेतला.

"मग विसळायचे राहिलेत," ती म्हणाली.

"ताई, आत्ता?"

"पाहुणे बाराला येणार ना."

तिनं चोवीस मग इतक्या निगुतीनं धुतले की तेवढ्या निगुतीनं लोक नवजात बाळालाही घालत नाहीत अंघोळ. कानाच्या आतून, बुडाखालून, छत्रीच्या दांड्यावरून. दर दीड मिनिटानं साहेब यंत्र घेऊन मोरीपाशी येत, ताई ओलं बोट त्यावर ठेवी आणि यंत्र 'ठसा ओळखता येत नाही' असं नम्रपणे सांगे. साहेबांनी टिपकागद आणला. ताईनं त्यानं मग पुसला.

"हात ओले आहेत, साहेब," ती प्रत्येक वेळी सांगत होती. "मी तरी काय करू?"

मी उतरत होतो. एकोणीस लाख. आठ लाख. मला उतरताना पहिल्यांदाच काहीतरी हलकं वाटत होतं, आणि ते चांगलं की वाईट हे विचारायला मला कोणी नव्हतं. अकरा बेचाळीसला मामांचा खड्डा भरला. त्याच मिनिटाला भाचीच्या खात्यात तिचे पैसे पुरे पोचले. एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, सरसाच्या डब्यापासून खणापर्यंत दोन हातांचं अंतर. आणि ते ओलांडायला मी अख्ख्या गावाला वळसा घालून आलो होतो. चोविसावा मग पालथा घातला तेव्हा कासव अडतीसवर थांबलं. खड्डे संपले. मी उरलो होतो नऊशे बारा.

पाहुणे वेळेवर आले. त्यांना छत्रीच्या मगांतून कॉफी दिली. पडद्यावर मी ९१२ होतो आणि प्रत्येकाच्या हातात ५०,००,०००. एका पाहुण्यानं मग फिरवून विचारलं, हा आकडा कसला?

साहेबांनी क्षणभर ताईकडे पाहिलं. "तो मगाचा मॉडेल नंबर आहे," ते म्हणाले.

पाहुण्यांनी पैसे घातले नाहीत. पण एकानं तसला मग कुठे मिळतो ते विचारून घेतलं.

चार दिवसांनी एकाच पत्त्यावरून दोन ईमेल आले. ताईनं ते जेवणाच्या डब्याशेजारी उघडले. पहिला मामांचा. त्यांनी माझ्याकडे रीतसर भरपाई मागितली होती. तीन वर्षांपूर्वी स्कूटरच्या अपघाताची भरपाई त्यांना विनातक्रार मिळाली होती, म्हणून त्यांनी त्याच अर्जाची कोरी प्रत भरली होती. अपघाताचं कारण: घसरण. रस्त्याची स्थिती: कोरडा. समोरचं वाहन: कासव. हेल्मेट होतं का: चष्मा होता. सोबत मोबाइलचे फोटो, समोरून, मागून आणि दोन्ही कडांनी, शेजारी मापासाठी फूटपट्टी ठेवून. आणि एक फोटो स्वतः मामांचा, बाजूनं काढलेला, जिकडून ते जास्त खचलेले दिसतात.

दुसरा ईमेल भाचीचा, दोन ओळींचा. कासव इतकं पडूनही माझे पैसे पुरे आले. कोणी दिले ते कळत नाही, पण त्यांना सांगा, आता खोली राहील.

ताईनं डबा बाजूला सारला आणि मामांना उत्तर लिहिलं. भाचीनं ते कार्यशाळेत मोठ्यानं वाचून दाखवलं. ताईनं लिहिलं होतं की तुमचे पैसे गेले याचं वाईट वाटतं, पण हा निधी पडणाऱ्याला सावरायला नसतो. एकाच्या पडण्यानं दुसरा चिरडू नये, एवढ्यासाठीच तो असतो. नाव चुकीचं आहे हे मान्य, पण ते बदलायचा अधिकार मला नाही.

मामा बराच वेळ हातातली स्प्रिंग दाबत आणि सोडत बसले.

"म्हणजे टेकू," ते म्हणाले.

"काय?"

"अगं, लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून काम करतात, तेव्हा टेकू लावतात. लिफ्ट सुटलीच तर खालच्याच्या डोक्यावर येऊ नये म्हणून. लिफ्टचं आणि लिफ्टमधल्याचं व्हायचं ते होतं." त्यांनी स्प्रिंग सोडली. "तीस वर्षं मी टेकू लावूनच खाली उतरलो आणि मला ओळखू आला नाही."

मग त्यांनी विचारलं, "पण मी पडलो तेव्हा खाली कोण होतं?"

भाचीनं खणातून आपला मोबाइल काढून त्यांच्यासमोर धरला. त्यावर लिहिलं होतं: आपल्या सौद्याची पूर्ण रक्कम विमा निधीतून देण्यात आली. अकरा बेचाळीस.

"मी होते, मामा."

मामांनी वेळ दोनदा वाचली. आपल्या मोबाइलवरची, सौदा बंद झाल्याची वेळ तिच्याशी ताडून पाहिली. मग त्यांनी हातातली स्प्रिंग बाहुलीच्या मानेत बसवली आणि मान दोन्ही बाजूंना फिरवून बघितली.

"मग ठीक आहे," ते म्हणाले. आणि पुष्कळ वेळानं, "पण स्कूटर गेली."

मित्रांनो, आता माझे लाड संपले आहेत. घंटा काढून टाकली. भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या जागी पोहणारे मासे असतात. ग्राहकांना ते बघून बरं वाटतं म्हणे. साहेब ताईशी आठ दिवस बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी तिनं सांगितलं तशी माझ्यात नुसती पक्की नाणीच भरायला लागले. मगांपैकी एक ताईनं कार्यशाळेच्या पत्त्यावर पाठवला. त्यात आता भाचीचे कुंचले असतात. त्यावर मी अजून पन्नास लाख आहे. प्रत्यक्षात सहा हजारही नाही. या दोघांपैकी खरा मी कोण, याचा विचार मी सुट्टीच्या दिवशी करतो. आमचा बाजार मात्र कधीच बंद नसतो, त्यामुळे तो विचार राहूनच गेला आहे.

तुम्ही मोठे व्हाल तेव्हा तुम्हाला अशा पुष्कळ गोष्टी भेटतील, ज्यांच्या नावात विमा असेल, सुरक्षा असेल, हमी असेल. नाव वाचून उडी मारू नका. आधी विचारा, हा टेकू कोणाच्या डोक्यावर आहे? उडी मारायचीच असेल तर आपल्या उंचीच्या पायरीवरून मारा, पन्नासाव्या मजल्यावरून नको. आणि माझ्यासारखा एखादा आकडा तुमच्या हाती आलाच, तर त्याला मगावर छापू नका. त्याला अडचणीच्या वेळी खर्च होऊ द्या. तो त्यासाठीच असतो, असं मला वाटतं. खात्री अजून नाही.

मामांनी सौदे सोडले, पण अ‍ॅप ठेवलं आहे. रोज सकाळी ते मोबाइल सरसाच्या डब्याला टेकवतात आणि फक्त माझा आकडा बघतात. मी कालच्यापेक्षा वाढलेलो असलो, तर ते टाळ्या वाजवत नाहीत. चष्मा पुसतात आणि भाचीला म्हणतात, "आज आणखी कोणाचा तरी मामा पडला वाटतं."